पांढऱ्या निशाणाची वंशावळ

रात्रीचे पावणेदोन. पडद्यावर एका टेकाडाच्या उतारावर माझ्या रोमन फौजेचं उरलंसुरलं उभं आहे. लढाई सुरू झाली तेव्हा खालच्या चौकटींमधले आकडे मिळून साडेसातशे भरत होते, आता जेमतेम एकशे ऐंशी. समोर कार्थेजची माणसं अजून दुपटीच्या वर. सेनापती पहिल्याच धडकेत पडला. डावी बगल कधीच पळाली. मधली तुकडी टिकून आहे, पण तिचं निशाण लुकलुकायला लागलंय: क्षणभर तांबडं, क्षणभर पांढरं. 'रोम: टोटल वॉर' खेळणाऱ्याला या लुकलुकण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. निशाण पुरतं पांढरं झालं की ती माणसं तुमची राहत नाहीत. कितीही क्लिक करा, ती मैदानाच्या कडेकडे धावत सुटतात.

उजवीकडच्या झाडीमागे माझे अकरा घोडेस्वार उरले होते. त्यांना लांबून वळसा घालून आणलं आणि शत्रूच्या पाठीवर घातलं. अकरा जणांनी मिळून मारली असतील पाच-सहा माणसं. पण ज्या तुकडीच्या पाठीवर ते आदळले तिचं निशाण लुकलुकलं आणि पांढरं झालं. ती पळताना पाहून शेजारची पळाली, तिला पाहून तिसरी. मिनिटभरात टेकाड मोकळं. पडद्यावर निकाल उमटला: निसटता विजय. जिवावरचं शेपटावर निभावलं होतं.

हिशेब मांडला तर हा निकाल जमत नाही. एकशे ऐंशी माणसांनी चारशेंना मारलं नव्हतं. बरेचसे जिवंत होते, धडधाकट होते, हातात भाले होते. ते हरले, कारण त्यांच्या खात्यातला एक आकडा शून्यावर आला. हा आकडा मेलेल्यांचा नव्हे, धीराचा. इंग्रजीत त्याला मोराल म्हणतात आणि आपल्याकडचे खेळाडूही तोच शब्द वापरतात. पण मला 'धीर' जवळचा वाटतो, कारण मराठीत धीर खचतो, सुटतो, धरवतो, आणि खेळातही नेमकं तेवढंच होतं.

ऐतिहासिक लढायांचे खेळ खेळणाऱ्या कुणालाही आठवणीतली लढाई विचारा. मोठ्या फौजेनं छोटी फौज चिरडली, असं कुणी सांगणार नाही. कशी गेलेली बाजी अकरा घोडेस्वारांनी परत आणली, तेच सांगेल. या साऱ्या गोष्टी ज्या आकड्याच्या जिवावर उभ्या आहेत तो मात्र खेळात आपसूक आलेला नाही. कुणीतरी तो शोधला, कुणीतरी फाशावर बसवला, कुणीतरी त्याला निशाण दिलं.

*

वंशावळीच्या मुळाशी बुद्धिबळ आहे, आणि बुद्धिबळातलं प्यादं भीत नाही. वजिरासमोर एकटं उभं असलं तरी मारलं जाईपर्यंत ते शाबूत असतं. अर्धं प्यादं नसतं, दमलेला घोडा नसतो, माघारी वळलेला उंट नसतो. अपवाद एकाचाच. राजा अडकला की डाव संपतो, मग पटावर बाकी सोंगट्या कितीही असोत.

हा नियम ज्या देशात घडला तिथल्या रणांगणावर तो शब्दशः खरा होता. राजा किंवा सेनापती हत्तीवर बसायचा तो नुसता मानासाठी नव्हे, तर सगळ्यांना दिसावा म्हणून. तो दिसेनासा झाला की फौजेला कुणी निरोप द्यावा लागत नसे. १५५६ मध्ये पानिपतच्या दुसऱ्या लढाईत हेमूचं पारडं जड होतं. त्याच्या डोळ्यात बाण लागला आणि फौज फुटली. १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. अंबारी रिकामी दिसताच त्याच्या लोकांनी पाय काढता घेतला, आणि औरंगजेब बादशहा झाला. बुद्धिबळानं यातला राजा तेवढा उचलला, पळणारी माणसं सोडून दिली. एवढी मोठी गोष्ट पटावर यायला पुढे अनेक शतकं जावी लागली.

१७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविग या गणिताच्या शिक्षकानं बुद्धिबळ फुगवून युद्धाचा खेळ केला. पट ४९ गुणिले ३३, म्हणजे १,६१७ घरांचा. घरांना रंग देऊन डोंगर, पाणी, दलदल दाखवली. राजाऐवजी किल्ला घ्यायचा. पण सोंगटी तीच जुनी: मारली किंवा वाचली, अधलंमधलं काही नाही.

ते अधलंमधलं आणलं प्रशियाच्या राइसविट्झ बापलेकांनी. बापानं १८१२ मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला एक देखणं टेबल नजर केलं. त्याच्या खणांमध्ये नद्या, रस्ते, उंचवटे असलेल्या फरश्या होत्या, त्या हव्या तशा मांडून रणभूमी उभी करायची. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्यानं १८२४ मध्ये या खेळाचे नियम छापले आणि टेबल बाजूला सारून खरा लष्करी नकाशा घेतला, १:८००० प्रमाणाचा. लाल आणि निळ्या ठोकळ्यांच्या दोन फौजा. एक फेरी म्हणजे दोन मिनिटांचं युद्ध. मध्ये एक पंच, जो दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकतो आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच दाखवतो.

धाकट्या राइसविट्झनं दोन गोष्टी अशा केल्या की त्यांच्यावाचून आजचा एकही खेळ उभा राहिला नसता. एक म्हणजे तुकडीला गुण दिले. गोळीबार झाला की पंच तक्त्यात बघून गुण वजा करतो. म्हणजे तुकडी आता अर्धी उरू शकते, पाव उरू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे हातघाईसाठी खास फासे. दोन्ही बाजूंच्या बळाचं प्रमाण बघून कुठला फासा टाकायचा ते ठरायचं. दुबळ्याच्या बाजूनं कौल पडायची शक्यता कमी, पण शून्य नाही. बुद्धिबळात प्याद्यानं वजीर मारणं ही खेळणाऱ्याची चूक असते. राइसविट्झच्या नकाशावर दुबळ्या तुकडीनं बलाढ्य तुकडीला मागे रेटणं ही युद्धात घडणारी एक गोष्ट झाली. लष्करप्रमुख म्युफलिंग आधी कंटाळलेल्या चेहऱ्यानं बघायला बसला होता, म्हणतात, आणि उठला तो प्रत्येक रेजिमेंटला हे शिकवा असं म्हणत. निसटत्या विजयाला पहिल्यांदा कागदावर जागा मिळाली ती अशी.

पण या खेळातही तुकडी झिजत होती ती बंदुकीच्या नि संगिनीच्या हिशेबानं. माणूस गोळी लागण्याआधीच का पळतो, हा प्रश्न विचारायला एक फ्रेंच कर्नल यावा लागला.

*

शार्ल आर्दां द्यू पीक हे नाव खेळाडूंच्या गप्पांत येत नाही, पण माझ्या मते पांढऱ्या निशाणाचा खरा आजोबा तोच. क्रिमियाच्या युद्धात लढलेला हा माणूस एका साध्या गोष्टीनं अस्वस्थ होता. जुन्या लढायांचे आकडे काढले की जिंकणाऱ्याचं नुकसान अगदी थोडं आणि हरणाऱ्याचं प्रचंड. फार्सालसच्या लढाईत, इ.स.पू. ४८ मध्ये, सीझरनं स्वतःची दोनशे माणसं आणि तीस सेंचुरियन गमावल्याचं लिहिलं आहे, तर पाँपीची पंधरा हजार मेल्याचं. सीझर आपल्या बाजूनं आकडे फुगवणार हे धरलं तरी तफावत उरतेच. समोरासमोर भाल्याला भाला भिडला असता तर दोन्हीकडे सारखी माणसं पडायला हवी होती.

द्यू पीकचं उत्तर असं की खरी कत्तल लढताना होत नाही, पाठ फिरल्यावर होते. दोन फौजा भिडतात तेव्हा माणूस मारण्यापेक्षा वाचण्याच्या विचारात असतो. दोघांपैकी एकाचा धीर आधी सुटतो, तो वळतो, आणि वळलेल्या पाठीवर तलवार चालवणं सोपं असतं. म्हणजे लढाईचा निकाल लागतो तो पहिला माणूस वळतो त्या क्षणाला. पुढचं सगळं निकालाची अंमलबजावणी. आधुनिक लढाईत काय होतं हे समजून घ्यायला त्यानं बरोबरीच्या अधिकाऱ्यांना छापील प्रश्नावली पाठवली: तुमची माणसं नेमकी कधी थांबली, कशानं वळली, त्या वेळी तुम्ही काय केलंत? १८७० च्या ऑगस्टमध्ये मेत्सजवळ प्रशियन तोफगोळ्यानं तो गेला. त्याचं लिखाण १८८० मध्ये पुस्तकरूपानं आलं.

माझ्या अकरा घोडेस्वारांचं गणित इथे सुटतं. त्यांचं काम पाच-सहा माणसं मारण्याचं नव्हतंच. पहिला माणूस वळवण्याचं होतं.

*

खेळाच्या दुनियेला हे पचायला वेळ लागला. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून युद्धाचा खेळ सैनिकी शाळेतून घराच्या जमिनीवर आणला. स्प्रिंगच्या तोफेतून खरोखरची लाकडी गोळी उडवायची, शिशाचा शिपाई आडवा झाला की मेला. मजा पुरेपूर, पण शिपाई पुन्हा प्याद्यासारखा निर्भय.

धीर टेबलावर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, इंग्लंडमधल्या हौशी मंडळींच्या हातून. साउदॅम्प्टनच्या डोनल्ड फेदरस्टोननं १९६२ मध्ये 'वॉर गेम्स' हे पुस्तक काढलं. शिपायांना रंग देत, रविवारी डायनिंग टेबलवर लढणाऱ्या माणसांच्या हातात त्यानं धीराचा फासा दिला. १९६९ मध्ये फिल बार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी वॉरगेम्स रिसर्च ग्रुप काढून प्राचीन लढायांचे नियम छापले. त्यात प्रतिक्रियेची चाचणी असायची: फासा टाका, मग यादी बघून अधिक-उणे करा. सेनापती जवळ आहे? अधिक. बगलेवर शत्रू आलाय? उणे. शेजारचे मित्र पळताना दिसतायत? आणखी उणे. ही यादी वाचताना हसू येतं, कारण द्यू पीकच्या प्रश्नावलीला कुणीतरी बेरीज-वजाबाकीत बसवल्यासारखी ती दिसते.

अमेरिकेत वाट निराळी होती. बाल्टिमोरच्या चार्ल्स रॉबर्ट्सनं १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' हा पुठ्ठ्याचा खेळ विकायला काढला, पुढे अॅव्हलॉन हिल ही कंपनी केली आणि १९५८ मध्ये 'गेटिसबर्ग' आणला. दोन्ही बाजूंच्या बळाचं प्रमाण काढायचं, तक्त्यात तो रकाना धरायचा, फासा टाकायचा. निकालात 'नष्ट' होतं तसंच 'मागे हटा'ही होतं. राइसविट्झचा फासा सव्वाशेहून अधिक वर्षांनी खोक्यात बसून दुकानात आला.

या दोन वाटा जिथे मिळाल्या तो खेळ म्हणजे जॉन हिलचा 'स्क्वॉड लीडर', १९७७. दुसऱ्या महायुद्धातल्या गल्लीबोळांतली लढाई. अर्ध्या इंचाची पुठ्ठ्याची चकती म्हणजे एक पथक. जर्मन पथकाच्या चकतीवर ४-६-७ असे तीन आकडे छापलेले: मारा चार, पल्ला सहा आणि तिसरा सात, तो धीर. मारा झाला की दोन फासे टाकायचे. बेरीज सातच्या आत राहिली तर पथक टिकलं. वर गेली तर चकती उचलायची आणि उलटी ठेवायची.

या उलट्या चकतीपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. ती पटावरून काढत नाहीत. माणसं मेलेली नाहीत, भिंतीच्या आडोशाला हातपाय गाळून बसली आहेत. ती गोळी झाडत नाहीत, पुढे जात नाहीत, जवळच्या घराकडे नाहीतर झाडीकडे पळत राहतात. त्यांच्यापाशी एखादा नायक पोचला तर पुन्हा दोन फासे टाकायचे, आणि बेरीज जमली की चकती सुलटी. हरलेलं पथक परत उभं राहतं! बुद्धिबळापासूनच्या प्रवासात इथे सोंगटीला मरणाशिवाय दुसरी एक अवस्था मिळाली आणि तिथून परत यायची वाटही मिळाली. पटावर सात चकत्या, पैकी पाच उलट्या, म्हणजे डाव गेल्यात जमा. आणि मग एका फेरीत तीन सुलट्या होतात. त्या फेरीसाठी माणसं रात्र रात्र जागायची.

*

संगणक आला तेव्हा फासे टाकायचं नि तक्ते बघायचं काम त्यानं घेतलं, आणि खेळाडूला दिसेल न दिसेल असे आकडे पोटात ठेवायला सुरुवात केली. ख्रिस क्रॉफर्डच्या 'ईस्टर्न फ्रंट (१९४१)' या १९८१ च्या अटारीवरच्या खेळात प्रत्येक तुकडीला दोन आकडे होते: हजेरीपटावरची ताकद आणि या घडीची लढाऊ ताकद. दुसरा आकडा लढाईत कोसळतो, उसंत आणि रसद मिळाली की पहिल्याच्या दिशेनं पुन्हा चढतो. चकती उलटी करण्याऐवजी आता उताराचा नि चढाचा हिशेब होता.

पुढे आपल्याकडे जे खेळ पोचले त्यांत मात्र हा वारसा नव्हता. आमच्या पिढीनं सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून खेळला तो 'एज ऑफ एम्पायर्स', १९९७ चा आणि त्याचा १९९९ चा दुसरा भाग. त्यात सैनिकाच्या डोक्यावर हिरवी पट्टी. ती शेवटच्या कणावर आली तरी तो पहिल्याइतक्याच जोमानं तलवार मारतो. तिथे बाजी पलटायची ती शेतं, सोनं आणि बोटांच्या वेगानं. पंधरा जणांनी शंभर जणांना पळवलं, असं त्यात होत नाही, कारण पळायचं कुणाला माहीतच नाही. चालता-बोलता बुद्धिबळ ते.

त्याच १९९७ मध्ये सिड मायरचा 'गेटिसबर्ग!' आला आणि रेजिमेंटा संगणकावर कच खाऊ लागल्या. समोरून मारा झाला तर टिकतात, बगलेवरून झाला तर विस्कटतात. विषयही असा की तिथे ही गोष्ट इतिहासानंच लिहून ठेवलेली. २ जुलै १८६३ ला लिटल राउंड टॉप या टेकडीवर विसाव्या मेन रेजिमेंटची काडतुसं संपत आली, तेव्हा कर्नल चेंबरलेननं संगिनी लावून उतारावरून धाव घ्यायला लावली. वर चढून दमलेले अॅलाबामाचे शिपाई या अचानक आलेल्या लोंढ्यापुढे वळले. गोळ्या नसलेल्या फौजेनं गोळ्या असलेल्या फौजेला हरवलं. हा निकाल हिरव्या पट्टीच्या हिशेबात बसूच शकत नाही.

सिड मायरच्या खेळाच्या वर्षभर आधीचा 'क्लोज कॉम्बॅट' तर थेट वंशज. अॅटॉमिक गेम्सनं तो 'स्क्वॉड लीडर'ची संगणकी आवृत्ती म्हणूनच करायला घेतला होता. बोलणी फिसकटली आणि तो वेगळ्या नावानं आला. त्यात तुम्ही हुकूम देता आणि शिपाई तो मानायचा की नाही हे स्वतः ठरवतो. पालथा पडून राहतो, भेदरतो, पळतो. पुठ्ठ्याची उलटी चकती आता श्वास घेत होती.

आणि मग २००० साली इंग्लंडमधल्या हॉर्शमच्या क्रिएटिव्ह असेंब्लीचा 'शोगन: टोटल वॉर'. सुरुवातीला तो तेव्हाच्या लोकप्रिय खेळांसारखाच एक धावपळीचा खेळ होणार होता, तळ बांधा, शिपाई काढा, धडका मारा. त्रिमितीतली जमीन पडद्यावर आल्यावर बेत बदलला. खऱ्या चढ-उतारावर शेकडो माणसं रांगेत उभी दिसू लागली, तेव्हा हिरवी पट्टी खुळचट वाटू लागली असणार. इथे हेलविगची जमीन, राइसविट्झचा फासा, द्यू पीकची पाठ आणि बार्करची यादी एका जागी आली. दमलात, धीर कमी. शत्रू पाठीमागे, धीर कमी. उंचावर आहात, धीर जास्त. शेजारचे पळाले, सेनापती पडला, धीर एकदम खाली. हे सगळं खेळाडूला आकड्यांत न सांगता दाखवायचं कसं? त्यासाठी निशाण. तुकडी फुटली की पांढरं, आणि 'रोम'मध्ये, २००४ साली, फुटण्याच्या उंबरठ्यावर असताना लुकलुकणारं.

मला वाटतं, या साऱ्या वंशावळीतला सर्वांत देखणा शोध ते लुकलुकणं आहे. फासा पडून गेलेला असतो, चकती सुलटी असते किंवा उलटी. लुकलुकणाऱ्या निशाणात मात्र काही सेकंद असतात. त्या सेकंदांत घोडेस्वार आणता येतात, राखीव तुकडी पुढे घालता येते, सेनापतीला शिंग फुंकायला लावता येतं.

*

टोटल वॉरनं विजयांना नावंही दिली. लढाई संपल्यावर निकाल येतो: वीरोचित विजय, निर्णायक विजय, निसटता विजय. पुढच्या काही खेळांत त्यात पिरिक विजय आला, एपिरसच्या पिरस राजावरून. त्यानं इ.स.पू. २७९ मध्ये अॅस्क्युलमला रोमनांना हरवलं, पण इतकी माणसं गमावली की आणखी एक असा विजय परवडणार नाही अशी गत झाली. आपल्याकडे यासाठी परक्या राजाचं नाव लागत नाही. १६७० पासून 'गड आला पण सिंह गेला' हे तेवढ्याच तोलाचं आहे, आणि त्यात हिशेबापेक्षा हळहळ जास्त आहे.

लढाईआधी हेच खेळ एक आडवी पट्टी दाखवतात: तुमचं बळ इतकं, शत्रूचं इतकं. बटण दाबलं तर संगणक स्वतःच निकाल काढून देतो. पट्टी तुमच्या बाजूनं असेल तर सगळे तेच करतात. पट्टी शत्रूकडे झुकली की मैदानात उतरतात. म्हणजे जिंकणार हे ठाऊक असलेल्या लढाया कुणी खेळतच नाही. पट्टी माणसं मोजते, बगल मोजत नाही, झाडीमागचे अकरा घोडेस्वार मोजत नाही. पट्टी आणि मैदान यांच्यातल्या त्या फटीत खेळाडू राहतो.

एक कबुली द्यायला हवी. लढाई मध्येच सेव्ह करता येत नसली तरी लढाईआधीचा सेव्ह हाताशी असतो. हरलो की परत उघडायचा. चौथ्या खेपेला मिळालेला निसटता विजय मी मित्रांना पहिल्याच खेपेचा म्हणून सांगितला आहे. फासा हवा तसा पडेपर्यंत टाकत राहायचा, असा तो प्रकार. म्हणूनच 'युरोपा युनिव्हर्सालिस' सारख्या खेळांत 'आयर्नमॅन' पद्धत आली. जुना सेव्ह उघडायची सोय काढून टाकली, जे झालं ते झालं. धीर फक्त पडद्यावरच्या शिपायाचा का तपासायचा, खेळाडूचाही तपासू, असं म्हटल्यासारखं.

*

या वंशावळीत एक फांदी उगवलीच नाही. ती आपल्या अंगणातली म्हणून सांगतो.

२००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे खेळता येतात. मोहीम १७०० साली सुरू होते. प्रत्यक्षात ते साल कसलं होतं? दोन वर्षांपूर्वी जिंजी पडलेली, औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला, मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेलेले, ताराबाई कारभार हाती घेतायत. लढाईआधीची ती आडवी पट्टी काढली असती तर मराठ्यांचा रंग तिच्यात शोधावा लागला असता. तरी औरंगजेब दक्षिणेतच संपला. कारण संताजी-धनाजींच्या काळापासून मराठी फौजांना पळण्यात हार वाटत नव्हती. छापा घालायचा, रसद मारायची, अंगावर आले की पांगायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे उभं राहायचं. टोटल वॉरच्या मैदानातून फौज काढून घेतली की पडद्यावर पराभव उमटतो. बाजीरावानं १७२८ मध्ये पालखेडला निजामाला हूल देत देत पाण्यावाचून कोंडलं आणि मोठी लढाई न देताच तहाला आणलं. त्या विजयासाठी या खेळांत निकालाची चौकट नाही. द्यू पीकच्या फौजा एकदाच वळतात आणि संपतात. मराठे वळून परत यायचे.

आणि ज्या दिवशी मराठे ठाण मांडून लढले, त्या दिवशी मात्र खेळातला प्रत्येक नियम त्यांना लागू झाला. १४ जानेवारी १७६१, पानिपत. दुपारपर्यंत अब्दालीचा मधला भाग मागे रेटला गेला होता, त्याची माणसं पळत होती. त्यानं काय केलं? आपले नसकची पाठवले, पळणाऱ्यांना मारून, हाकून पुन्हा रांगेत आणायला. उलट्या चकत्या सुलट्या केल्या. मग राखीव फौज आणि उंटांवरच्या शुतरनाळा पुढे घातल्या. उपाशी, दमलेली मराठी फौज, वर मारा, आणि त्यात विश्वासरावांना गोळी लागली. सेनापती भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. अंबारी रिकामी. हेमूचा आणि दाराचा प्रसंग तिसऱ्यांदा घडला. अडीचशे वर्षं होऊन गेली तरी आपण 'विश्वास पानिपतावर गेला' असं म्हणतो. पेशव्यांचा मुलगा आणि माणसांचा धीर यांना एकच नाव असावं आणि दोघंही एकाच दुपारी जावेत, असा योग भाषेनं बरोबर ओळखला.

पानिपतात आपण जी हार बघतो ती अब्दालीच्या बाजूनं बघितली तर माझ्या टेकाडावरच्या लढाईसारखी दिसते. गेलेली बाजी राखीव फौजेनं परत आणलेली. निसटत्या विजयाची मजा घेणाऱ्यानं हे विसरू नये. प्रत्येक निसटत्या विजयाच्या पलीकडे कुणाची तरी हातातोंडाशी आलेली जीत असते.

परवा त्याच कार्थेजनं माझं एक शहर वेढलं. तट फुटला, तुकड्या मागे रेटल्या गेल्या. एकेकाचं निशाण पांढरं होत ती माणसं शहराच्या मधल्या चौकाकडे धावली. 'रोम'मध्ये या चौकाचा एक नियम आहे. तिथे पोचलेला बचावाचा शिपाई पुढे पळत नाही, मरेपर्यंत लढतो. मैदानातही चहूबाजूंनी कोंडलेली तुकडी असंच करते, म्हणून जुने खेळाडू शत्रूला पुरतं घेरत नाहीत, पळायला एक फट मुद्दाम ठेवतात. नियम लिहिणाऱ्याला कोंढाण्याची गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नाही. तानाजी पडल्यावर सूर्याजीनं लोकांना सावरलं हे बखरीत येतं, आणि माघारीचे दोर कापले हे लोकांच्या तोंडी आहे. हॉर्शममध्ये बसून कुणीतरी तेच दोर चौकात कापून ठेवले होते.

चौकात माझी चाळीस माणसं उरली होती. निशाणं सगळी लुकलुकत होती. मी माउस सोडला आणि नुसता बघत बसलो.